सात घड्याळे उघडणाऱ्या ग्रेस हॉपर

लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेले आकडे वाचताना भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. इतके गिगाहर्ट्‌झ, इतके जीबी रॅम, इतके जीबी एसएसडी. दुकानदार सांगेल ते खरे मानून माणूस यंत्र घरी आणतो आणि एखाद्या सकाळी ते सुरूच झाले नाही की गोंधळाची जागा भीती घेते. संगणकाविषयीची ही भीती अनाठायी आहे, हे पटवून देण्यात अमेरिकी नौदलातील एका गणितज्ञ स्त्रीने आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे वेचली. त्यांचे नाव ग्रेस मरे हॉपर.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा जन्म झाला. सात वर्षांच्या ग्रेसला गजराचे घड्याळ आतून कसे चालते, याचे कुतूहल वाटले. तिने ते उघडले. चाके आणि स्प्रिंग बाहेर पडल्या. पण पुन्हा जुळेनात. मग ते कसे जुळतात हे पाहण्यासाठी तिने दुसरे घड्याळ उघडले, त्यानंतर तिसरे. असे करता करता सुटीतील घरातली सातही घड्याळे सुटी झाली. आईने तिचे कुतूहल मारले नाही. मात्र यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा, अशी मर्यादा घालून दिली. एका वेळी एकच गोष्ट उघडावी, हा दुरुस्तीशास्त्रातील पहिला धडा ग्रेसला असा घरातच मिळाला.

मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा वडिलांचा आग्रह होता. व्हॅसर महाविद्यालयातून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या १९२८ मध्ये पदवीधर झाल्या. येल विद्यापीठाने १९३४ मध्ये त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. व्हॅसरमधील अध्यापन आणि व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी झालेला विवाह, अशी त्यांच्या आयुष्याची घडी बसलेली होती. दुसऱ्या महायुद्धाने ती मोडली. नौदलात जाण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वय जास्त, वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे सात किलो कमी आणि गणिताचे अध्यापन हे युद्धकाळात आवश्यक काम, अशा तीन हरकती आल्या. त्यांनी हट्ट सोडला नाही. खास सवलत मिळवून त्या १९४३ च्या डिसेंबरमध्ये राखीव नौदलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली ती जहाजावर नव्हे, तर हार्वर्ड विद्यापीठातील हॉवर्ड एकेन यांच्या गणनयंत्रावर.

मार्क वन या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र ५१ फूट लांब आणि सुमारे पाच टन वजनाचे होते. त्यात साडेसात लाखांहून अधिक भाग होते. त्याची वैशिष्ट्ये आजच्या लॅपटॉपच्या भाषेत मांडली, तर खोक्यावरचे आकडे आपोआप उलगडतात. मार्क वन एका सेकंदात तीन बेरजा करी. एका गुणाकाराला सहा सेकंद आणि भागाकाराला सुमारे पंधरा सेकंद लागत. हा त्याच्या प्रक्रियकाचा, म्हणजे प्रोसेसरचा वेग. आज तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला तीनशे कोटी ठोके मोजतो. मार्क वनमध्ये चालू हिशेबातील आकडे धरून ठेवण्यासाठी ७२ कप्पे होते आणि प्रत्येकात २३ अंकी संख्या मावे. हे काम आज रॅम करते. पुढच्या आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. यंत्र बंद केले तरी पट्टीवरची छिद्रे बुजत नसत. आज तीच जागा हार्ड डिस्क किंवा एसएसडीने घेतली आहे. रॅम म्हणजे काम करायचे मेज आणि डिस्क म्हणजे कपाट, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

या यंत्राची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम एकेन यांनी हॉपर यांच्यावर सोपवले. पाचशेहून अधिक पानांचा तो ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राचा कोणता भाग काय करतो आणि त्याला काम कसे सांगायचे, हे इतक्या तपशीलवार सांगणारे लेखन त्यापूर्वी जवळजवळ नव्हतेच.

त्यानंतरचा प्रसंग जगभर प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमधील मार्क टू हे यंत्र चुकू लागले. शोध घेता घेता यंत्रचालक एफ क्रमांकाच्या फळीवरील सत्तराव्या रिलेपर्यंत पोहोचले. तिथे दिव्याभोवती घिरट्या घालणारा एक पतंग अडकून मेला होता. त्यांनी तो काढून चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा आशयाची मिश्कील नोंद केली. हा पतंग हॉपर यांनी स्वतः शोधला नव्हता आणि यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची पद्धतही एडिसन यांच्या काळापासून रूढ होती. मात्र ही हकिकत हॉपर यांनी पुढे आयुष्यभर रंगवून सांगितली, आणि ती त्यांच्याच नावाशी जोडली गेली.

त्या नोंदवहीचे खरे मोल पतंगात नाही, तर नोंदीत आहे. वेळ, घेतलेली चाचणी, फळीचा आणि रिलेचा क्रमांक हे सारे तीत आहे. लाखो भागांच्या यंत्रात दोष शोधायचा तर अंदाजाने हात घालून चालत नाही. संशयाचे वर्तुळ पायरीपायरीने लहान करावे लागते. घरच्या लॅपटॉपलाही हीच रीत लागू पडते. यंत्रावर एकही दिवा लागत नसेल, तर त्या सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे आणि मग चार्जर तपासावा. त्यानंतर चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी केबलने टीव्ही जोडावा. तिथे चित्र आले, तर दोष पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक. पेन ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून यंत्र सुरू करावे. ते फार तापत असेल, तर हवेच्या जाळीतील धूळ पाहावी. हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली, तर दुरुस्तीआधी कागदपत्रांची आणि छायाचित्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि पडद्यावर आलेला संदेश लिहून ठेवावा, म्हणजे पुढे कारागिराकडे जावे लागले तरी त्याचे अर्धे काम झालेले असते.

युद्धानंतरची वर्षे हॉपर यांना कठीण गेली. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. वयामुळे नियमित नौदलाने त्यांना नाकारले आणि हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. मद्यपानाचा विळखाही पडला होता. १९४९ मध्ये फिलाडेल्फिया येथील संगणक कंपनीत त्या रुजू झाल्या आणि तिथून त्यांच्या कामाने नवे वळण घेतले. तयार आज्ञासंच आपोआप जुळवून देणारा ए-झीरो हा कंपायलर त्यांनी १९५२ मध्ये सिद्ध केला. संगणक फक्त आकडेमोड करू शकतो, असे मानणाऱ्यांनी त्यावर बराच काळ विश्वास ठेवला नाही.

पुढे नेहमीच्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. प्रात्यक्षिकात तोच कार्यक्रम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. व्यवस्थापन हादरले. अमेरिकेत तयार झालेल्या यंत्राला परकी भाषा कळणे शक्यच नाही, अशी त्यांची समजूत होती. अखेर केवळ इंग्रजीचेच काम करायचे, या बोलीवर प्रकल्प पुढे सरकला. हॉपर यांचा मुद्दा साधा होता. यंत्राच्या आत शेवटी शून्य आणि एक एवढेच असते. बाहेरचा शब्द कोणत्या भाषेतला आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आज पडद्यावर देवनागरी वाचणाऱ्या कोणालाही हे पटवून द्यावे लागत नाही. त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेच्या पायावर १९५९ पासून कोबोल ही भाषा आकाराला आली आणि पुढे बँकांचे व सरकारी कचेऱ्यांचे हिशेब तिने कित्येक दशके वाहिले.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केले. पण काही महिन्यांतच, १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने जवळजवळ दोन दशके लांबले. या काळातील त्यांच्या व्याख्यानांत एक वस्तू ठरलेली असे: सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, तेवढेच अंतर कापतो. संदेश पोहोचायला वेळ का लागतो, असे विचारणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हातात त्या हा नॅनोसेकंद ठेवत.

त्याच तारेने आजचा लॅपटॉप मोजता येतो. प्रोसेसरला रॅममधून माहिती मिळायला ढोबळमानाने शंभर नॅनोसेकंद लागतात. तारेच्या हिशेबात तीस मीटर, म्हणजे शेजारचे घर. एसएसडीतून तीच माहिती आणणे म्हणजे तीस किलोमीटर, जवळजवळ पणजी ते मडगाव. फिरत्या हार्ड डिस्कवर तेच अंतर तीन हजार किलोमीटर होते, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी. रॅम अपुरी पडली की प्रोसेसरला वारंवार हा लांबचा प्रवास करवावा लागतो. म्हणूनच हार्ड डिस्कवर चालणारा जुना लॅपटॉप मंदावला, तर अधिक गिगाहर्ट्‌झचे नवे यंत्र घेण्यापूर्वी एसएसडी बसवता येईल का आणि रॅम वाढवता येईल का, हे विचारणे शहाणपणाचे ठरते.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर रिअर ॲडमिरल हॉपर निवृत्त झाल्या. तेव्हा त्यांना ऐंशी पुरी व्हायला चारच महिने उरले होते. तरीही त्यांनी एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून काम पत्करले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी सन्मानाने निरोप देण्यात आला. पुढे एका विनाशिकेला त्यांचे नाव मिळाले आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर प्रदान झाला.

पतंग चिकटवलेली ती नोंदवही आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. हॉपर यांच्या कार्यालयातील भिंतीवर मात्र एक घड्याळ असे, आणि त्याचे काटे उलटे फिरत. आजवर असेच चालत आले, या सबबीखाली काहीही मान्य करू नये, हे येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून समजे. पहिल्यांदा पाहणारा क्षणभर गोंधळे. थोडे लक्ष दिले की उलट्या घड्याळातही वेळ बिनचूक कळत असे.