गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो गार्सिया (जन्म : इ.स. १५५६च्या सुमारास, वसई, मृत्यू : ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकी) हे फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ बंधू व रोमन कॅथलिक चर्चने संत म्हणून मान्य केलेले भारतात जन्मलेले पहिले पुरुष होत. त्यांचे वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. वसईच्या जेझुइटांजवळ शिकून ते जपानला गेले व तेथील भाषेत पारंगत झाले. मात्र जेझुइट संघाने त्यांना सदस्यत्व दिले नाही. काही काळ व्यापार केल्यावर ते मनिला येथे फ्रान्सिस्कन झाले आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून जपानला परतले. तोयोतोमी हिदेयोशीच्या आज्ञेने नागासाकीत २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत गार्सिया होते. विशेष म्हणजे त्या २६ जणांत तीन जेझुइटही होते.

प्रारंभीच्या चर्चमध्ये हुतात्म्याच्या थडग्यापाशी जमणारे भाविकच त्याला संत मानीत. रोमहून अधिकृत घोषणा करण्याची पद्धत दहाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ होत गेली. नागासाकीच्या हुतात्म्यांविषयीही चमत्कारकथा सांगितल्या गेल्या; परंतु त्यांच्या संतपदाचा मुख्य आधार श्रद्धेसाठी पत्करलेले मरण हाच होता. १६२७ मध्ये ‘धन्य’ घोषित झालेल्या गार्सियांना पोप नववे पायस यांनी संतपद दिले ते ८ जून १८६२ रोजी, म्हणजे तब्बल २३५ वर्षांनी. वसईजवळील गास येथील चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते.