विश्लेषण : धर्माला सूट, विज्ञानाला दंड! र. धों. कर्वे यांच्यावर दोन खटले का झाले?

अश्लीलतेच्या कायद्यात एकेकाळी मंदिरावरील शिल्पांना आणि धार्मिक कारणासाठीच्या पुस्तकांना सूट होती. लैंगिक आरोग्याच्या शास्त्रीय माहितीला नव्हती. या फरकाची किंमत रघुनाथ धोंडो कर्वे यांना दोनदा मोजावी लागली.

कोण होते कर्वे?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. मिशनरी कॉलेजला हे काम रुचले नाही. कर्वे यांनी काम सुरू ठेवले, नोकरी सोडली. जुलै १९२७ पासून ते पत्नी मालतीबाईंच्या साथीने 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवू लागले.

खटले कशासाठी?

धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचे कलम २९५-अ भारतीय दंड संहितेत आले तेही १९२७ मध्येच. सनातनी कर्वे यांच्यावर नाराज होतेच. पण खटले झाले ते अश्लीलतेचे. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखासाठी त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये हस्तमैथुन, समलैंगिकता अशा विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे आक्षेपार्ह ठरली.

आंबेडकरांचा युक्तिवाद काय होता?

कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लेखन आपोआप अश्लील होत नाही, वाचकांच्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणे हेच या मासिकाचे काम आहे, असा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने तो मानला नाही. २०० रुपये दंड झाला.

पुढे काय झाले?

मासिक तोट्यात होते, तरी कर्वे यांनी ते अखेरपर्यंत चालवले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले आणि पाठोपाठ 'समाजस्वास्थ्य'ही थांबले.

विज्ञान, साहित्य, कला यांसाठी लोकहिताचा अपवाद कायद्यात आला तो १९६९ मध्ये. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये हे दोन्ही अपवाद आहेत. कर्वे यांना त्यातील एकाचाही आधार मिळाला नव्हता.