कल्याणचे भांडारी श्रीबसवेश्वर

कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावर वसलेल्या कूडलसंगम क्षेत्री बाराव्या शतकात एक ब्राह्मणकुमार घर सोडून आला. बागेवाडीच्या मादरस व मादलांबिका यांचा हा पुत्र. थोरली बहीण अक्क नागम्मा हिला ज्या संस्काराचा अधिकार नाही, तो आपणांस तरी कशासाठी, असे विचारून त्याने मुंजीच्या वेळी जानवे नाकारले, असे परंपरा सांगते. जन्मवर्षाविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. ११०५ आणि ११३१ ही दोन वर्षे बहुधा दिली जातात.

अध्ययन संपवून बसवेश्वर मंगळवेढ्यास आले. आज सोलापूर जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा कलचुरी बिज्जळाचे ठाणे होते. मामा बलदेव त्याच्या दरबारी होते; त्यांची कन्या गंगांबिका हिच्याशी बसवेश्वरांचा विवाह झाला. चोख हिशेबामुळे ते भांडारी झाले. पुढे बिज्जळाने आपल्या चालुक्य धन्याचे सिंहासन बळकावून कल्याण हस्तगत केले, तेव्हा बसवेश्वरही तेथे गेले. दुसऱ्याचे राज्य बळाने घेणाऱ्या राजाच्या तिजोरीची किल्ली हाती असतानाच त्यांनी शांतीचे कार्य आरंभिले, हे विसरून चालणार नाही.

ते कार्य म्हणजे अनुभवमंटप होय. पंधराव्या शतकातील शून्यसंपादने या ग्रंथावरून त्या सभेची कल्पना येते. अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी असत. नावाडी अंबिगर चौडय्या, परीट मडिवाळ माचय्या, दोर वळणारे नुलिय चंदय्या, ढोर कक्कय्या असे श्रमजीवी एका आसनपंक्तीत बसत. अक्कमहादेवी आली तेव्हा तिची कठोर परीक्षा झाली आणि तिने ती धैर्याने दिली. सोन्नलगी, म्हणजे आजचे सोलापूर, येथे तलाव खोदविणारे सिद्धराम यांनाही अल्लमप्रभूंनीच कल्याणास आणले. चर्चा पंडितांच्या संस्कृतात नव्हे, लोकांच्या कन्नडात चाले. कोणतेही प्रामाणिक काम हीच पूजा, हाच कायक. गरजेपुरते ठेवून उरलेले समाजास अर्पावयाचे, हाच दासोह.

या तत्त्वाची परीक्षा एका गरीब घरी झाली. आय्दक्की मारय्या रस्त्यावर सांडलेले तांदूळ वेचून संसार चालवीत. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. पत्नी लक्कम्मा हिने जादा तांदूळ पाहताच ते परत ठेवून येण्यास सांगितले. गरजेहून अधिक घेणे हा लोभ, आणि लोभाचे अन्न शिवाला चालत नाही, असे तिचे मत होते. भांडाराचा हिशेब ठेवणाऱ्या बसवेश्वरांना या बाईचा हिशेब अधिक काटेकोर वाटला असेल, यात शंका नाही.

परंतु समता चर्चेपुरती होती तोवरच ती दरबारास सोसली. शरणांपैकी चर्मकार हरळय्या यांचा पुत्र आणि पूर्वाश्रमीचे ब्राह्मण मधुवरस यांची कन्या यांचा विवाह झाला. लग्नाच्या दृष्टीने दोन्ही घरे एकाच श्रद्धेची होती. सनातन्यांच्या दृष्टीने मात्र हा वर्णसंकर. त्यांच्या दडपणाखाली बिज्जळाने दोन्ही पित्यांचे डोळे काढवून त्यांना हत्तीच्या पायाशी बांधून फरफटविले, असे सांगतात.

आता शरणांचा संताप आवरेना. बसवेश्वरांपुढे मोठा धर्मप्रश्न उभा राहिला. ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले तेच शस्त्राकडे वळत होते. आणि राजाच्या सेवेत राहणे म्हणजे त्या शिक्षेस मूक संमती देणे. त्यांनी अधिकारपद सोडले, सूडाचा मार्ग नाकारला आणि कूडलसंगमाची वाट धरली. सारेच त्यांच्या मार्गाने गेले नाहीत. ११६७ च्या सुमारास बिज्जळाचा वध झाला, आणि परंपरा त्याचे कर्तृत्व जगदेव व त्याच्या साथीदारांकडे देते. कल्याणात शरणांची धरपकड व कत्तल सुरू झाली. शांतीच्या सभेतील माणसांच्या हातून हे घडावे, याचे दुःख बसवेश्वरांना किती झाले असेल, हे भाविकांनीच जाणावे. थोड्याच काळात संगमावर त्यांनी देह ठेवला.

भाचे चन्नबसवण्णा उरलेल्या शरणांसह वचनांच्या पोथ्या सांभाळीत, लढत-लढत पश्चिमेस, आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील उळवीच्या दाट रानात पोहोचले. कल्याण १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व नंतर राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. आता ते बसवकल्याण म्हणून ओळखले जाते. वचनांची ताडपत्रे मात्र शतकानुशतके मठांत आणि घरांच्या माळ्यांवर पडून राहिली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी दारोदार फिरून ती गोळा केली आणि १९२३ मध्ये वचनशास्त्रसाराचा पहिला भाग छापून काढला.