बापूकुटी उभारणाऱ्या मीराबेन

यवतमाळहून कळंबमार्गे निघालेला रस्ता वर्धा नदी ओलांडतो आणि देवळीवरून वर्धा शहरात पोहोचतो. तेथून सेवाग्राम अवघ्या काही किलोमीटरवर आहे. विदर्भातील शाळांच्या सहली, परदेशी अभ्यासक आणि कुतूहलापोटी येणारी शहरी कुटुंबे यांची वर्दळ आश्रमात बारमाही असते. चपला बाहेर काढून, किंचित वाकून पर्यटक बापूकुटीत शिरतात. आश्रमातील कार्यकर्ते त्यांना गांधीजींची बैठक, लिहिण्याचे ठेंगणे मेज, तीन माकडांची मूर्ती आणि साप पकडून दूर सोडण्यासाठी केलेला लाकडी चिमटा दाखवतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संपर्कासाठी बसवून घेतलेल्या दूरध्वनीची गोष्ट ऐकताना मुलांचे डोळे विस्फारतात. पाहण्याजोगे सारे पाहून झाले, की मंडळी पुढच्या कुटीकडे वळतात.

ही कुटी कोणी बांधली, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनात येतो. बापूकुटी मुळात बापूंसाठी बांधलेली नव्हतीच. ती मीराबेन यांची कुटी होती. तिची आखणी त्यांची, भिंतींवरचे नक्षीकामही त्यांच्याच हातचे. वास्तुशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या या इंग्रज स्त्रीने उभारलेले घर आज जगभरचे वास्तुविशारद पाहायला येतात; पण ते ओळखले जाते दुसऱ्याच्या नावाने.

मीराबेन यांचे मूळ नाव मॅडेलिन स्लेड. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील सर एडमंड स्लेड ब्रिटिश आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते. नोकरीनिमित्त वडील सतत दूर असत. त्यामुळे मॅडेलिनचे बालपण बरेचसे आजोळी, सरे परगण्यातील विस्तीर्ण शेतवाडीवर, झाडे आणि घोड्यांच्या सहवासात गेले. वडिलांची नेमणूक मुंबईला झाली तेव्हा त्यांनी भारत प्रथम पाहिला. परंतु तो साहेबांच्या बंगल्यांचा आणि मेजवान्यांचा भारत होता. त्याने या मुलीला मुळीच भुरळ घातली नाही.

त्यांच्या मनाचा ताबा घेतला तो बीथोव्हेनच्या संगीताने. या संगीताच्या ओढीनेच त्या फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचल्या. बीथोव्हेनच्या जीवनावर बेतलेली कादंबरी लिहिणारे रोलाँ त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये राहत होते आणि गांधीजींवर पुस्तक लिहीत होते. हे पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून काढल्यावर मॅडेलिनच्या आयुष्याची दिशाच बदलली. त्यांनी भारतात जाण्याची तयारी सुरू केली. पण आश्रमजीवनासाठी आपण अद्याप पात्र नाही, हे ध्यानी येताच प्रवास वर्षभर लांबणीवर टाकला. त्या वर्षात त्या सूत कातायला शिकल्या, मांसाहार आणि मद्य सोडले, जमिनीवर झोपण्याची आणि मांडी घालून बसण्याची सवय केली. घरात राहण्याची एक निराळी रीत त्या अंगी मुरवत होत्या. पुढे त्यांनी बांधलेल्या घरांचा पाया याच वर्षात घातला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या. गांधीजींनी त्यांना मीरा हे नाव दिले. केस कापून, खादीची पांढरी साडी नेसून आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन त्यांनी आश्रमातील सफाईपासून कामाला आरंभ केला. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा मीराबेन त्यांच्या समवेत होत्या. परतल्यानंतरच्या काळात त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. आरमारी अधिकाऱ्याची मुलगी ब्रिटिश सरकारची कैदी झाली होती.

गांधीजींनी वर्ध्याला मुक्काम हलवल्यानंतर मीराबेन यांनी जवळच्या सिंदी गावात सफाईचे काम हाती घेतले. हातात बादली घेऊन त्या गावकऱ्यांनी रस्त्याकडेला केलेली घाण उचलत. त्यानंतर त्या शेगावात आल्या. जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतील या गावात ना धड रस्ता होता, ना पोस्ट. साप, विंचू आणि हिवताप मात्र मुबलक होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून पायी या गावी आले. पुढे १९४० मध्ये शेगावचे नाव सेवाग्राम झाले.

येथील पहिली वास्तू म्हणजे आदी निवास. ती मीराबेन यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू हे सारे साहित्य परिसरातलेच असावे, खर्च अगदी अल्प असावा आणि गावच्या मजुरांच्याच हातून काम व्हावे, अशी गांधीजींची अट होती. या एकाच दालनात गांधीजी, कस्तुरबा, खान अब्दुल गफार खान आणि येणारे-जाणारे पाहुणे दाटीवाटीने राहत. स्त्रियांची होणारी कुचंबणा पाहून जमनालालजींनी कस्तुरबांसाठी पुढे निराळी कुटी बांधून दिली.

मीराबेन यांनी आपल्यासाठी जी छोटी कुटी उभारली, तिच्यात राहणे आणि गावकऱ्यांना पिंजण-कताई शिकवणे, हे दोन्ही हेतू होते. गर्दीने भरलेल्या आदी निवासात गांधीजींना निवांतपणा मिळेना, तेव्हा हीच कुटी त्यांच्यासाठी देण्यात आली. मग तिला जोड देऊन व्हरांडा, न्हाणीघर आणि आजाऱ्यांची खोली वाढवण्यात आली. मीराबेन यांचे घर बापूंची कुटी झाले. स्वतः बांधलेल्या घरातून त्यांनी पाय काढला आणि त्या घरावरचे आपले नावही सोडून दिले.

ही कुटी उभ्याने पाहिली तर फारशी उमगत नाही. शहरी पर्यटक आत येतो, मान वर करून छताचे बांबू न्याहाळतो आणि खोली लहान वाटून बाहेर पडतो. परंतु शेणाने सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून घटकाभर बसले की सारे बदलते. फळी हाताशी येते, खिडकीतून येणारा उजेड नेमका मांडीवर पडतो. जमिनीवर बसणाऱ्या माणसाचे माप घेऊनच हे घर बांधलेले आहे. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मातीची जाड भिंत आणि खाली उतरलेले छप्पर यांचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. भिंतीवर मातीतूनच उठवलेला ओंकार, चरखा आणि उंच वाढलेली झाडे दिसतात. आजोळच्या शेतवाडीत झाडांशी बोलत वाढलेल्या मुलीने चाळिशीनंतर वऱ्हाडाच्या शेजारच्या या मुलखातील मातीत ती कोरली होती.

या कुटीने पुढे अनेक विचारवंतांना थांबायला लावले. १९७८ मध्ये सेवाग्रामला आलेले इव्हान इलिच पहाटे या कुटीत बसून राहिले आणि मोठी घरे ही माणसाने आपल्या वस्तूंसाठी बांधलेली कोठारे असतात, अशा आशयाचे विचार त्यांनी नंतर मांडले. केरळला कर्मभूमी मानणारे वास्तुकार लॉरी बेकर यांची आणि गांधीजींची भेट मुंबईत झाली होती. घरासाठी लागणारे साहित्य पाच मैलांच्या परिसरातच मिळावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी जन्मभर जपला. तो विचार विटा-मातीत उतरवण्याचे काम त्याआधीच सेवाग्राममध्ये एका स्त्रीने केले होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये मीराबेन यांना गांधीजींसमवेत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे मृत्यू त्यांनी तेथेच जवळून पाहिले. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांची पावले हिमालयाकडे वळली. रुरकीजवळ किसान आश्रम, हृषीकेशजवळ पशुलोक, मग भिलंगणा नदीच्या खोऱ्यात गोपाल आश्रम, अशा एकेका वस्तीची उभारणी त्यांनी केली. पण एकीतही त्या कायमच्या राहिल्या नाहीत. डोंगरउतारावरील ओकची वने घटून चीडची झाडे वाढत असल्याने झरे आटतात आणि पूर येतात, हे त्यांनी पन्नासच्या दशकातच मांडले होते. सरकारदरबारी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

१९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. दुसऱ्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्या ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या परिसरात राहू लागल्या. बीथोव्हेनने जेथे भ्रमंती केली, त्याच रानवाटांच्या सान्निध्यात त्यांची अखेरची दोन दशके गेली. भारत सरकारने पद्मविभूषण देऊन त्यांचा सन्मान केला. २० जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

मातीचे घर दर पावसाळ्यापूर्वी निगा मागते. शाकारणे, लिंपणे, सारवणे ही कामे वर्षानुवर्षे होत राहिली म्हणून कुटी उभी आहे. मीराबेन यांच्या स्मृतीची अशी निगा मात्र कोणी फारशी राखलेली नाही. सेवाग्रामला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी बापूंची बैठक दाखवून झाल्यावर मुलांना क्षणभर त्या भिंतीजवळ न्यावे. मातीतून उठवलेल्या झाडांकडे बोट दाखवून, ज्यांच्या घरात आपण उभे आहोत त्या मीराबेन यांचे नाव त्यांना एकदा सांगावे.