इतिहास शिकवता शिकवता शिकलेले फादर हेरास

आगमनकाळ आला की घरोघरी गोठ्याची तयारी सुरू होते. गोठ्यातील पवित्र मरियामाता बहुधा निळ्या झग्यात असते. ती साडीत दिसली तर आपल्यापैकी काहीजण आजही दचकतात. १४ डिसेंबरला ज्यांचा स्मृतिदिन असतो, त्या फादर हेन्री हेरास ह्यांना त्यात दचकण्यासारखे काहीच वाटत नव्हते.

फादरांचा जन्म १८८८ साली स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. येशूसंघीय धर्मगुरू म्हणून १९२२ साली ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आले. कोणता इतिहास शिकवणार, असे प्राचार्यांनी विचारले तेव्हा त्यांनी भारताचा असे सांगितले. तो किती ठाऊक आहे, ह्यावर काहीच नाही, पण अभ्यास करीन, असे त्यांचे उत्तर होते, असे सांगतात. चौतिसाव्या वर्षी पाटी कोरी असल्याचे कबूल करणारा प्राध्यापक आम्हांला तरी विरळाच वाटतो!

शब्द त्यांनी पाळला. १९२६ साली महाविद्यालयातच त्यांनी इतिहास संशोधन संस्था सुरू केली. पुढच्याच वर्षी विजयनगरच्या अरविडू घराण्यावर त्यांचा ग्रंथ आला, १९३३ साली पल्लवांवर. जुनी नाणी, मूर्ती, ग्रंथ ते जमवीत गेले. विद्यार्थीही तयार केले. गोव्याच्या कदंब राजांवर लिहिणारे जॉर्ज मोरायस त्यांपैकीच.

मोहेंजोदडोच्या मुद्रांवरील लिपीने मात्र त्यांना झपाटले. ती भाषा द्राविडी कुळातली असावी, असे त्यांचे मत होते. द्राविडी भाषांत मीन म्हणजे मासा आणि मीन म्हणजे ताराही. तेव्हा मुद्रेवरील माशाचे चिन्ह ताऱ्यासाठी असेल, असे त्यांनी सुचवले. १९५३ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांचे बहुतेक वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही, आणि ती लिपी अजूनही सुटलेली नाही. एवढ्या वर्षांचे कष्ट वाया गेले, असे कुणी म्हणेल. पण माशाची ती कल्पना पुढच्या संशोधकांनी उचलून धरली.

ख्रिस्ती कलेबाबतही त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. श्रद्धा इथल्या मातीत रुजली, तर चित्रे आणि चर्चची बांधणी युरोपचीच कशाला हवी? गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका मरियामातेला साडी नेसवीत. त्यावरून स्वतःच्या गोव्यातच त्यांच्यावर टीका झाली आणि ते पुण्याच्या आश्रमात राहू लागले. फादर हेरास त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या काळी हे सोपे नव्हते.

१९५५ साली मुंबईतच फादरांचे निधन झाले. टपाल खात्याने १९८१ साली त्यांच्यावर तिकीट काढले. त्यांच्या संस्थेला आता त्यांचेच नाव आहे. धोबीतलावला कधी गेलात, तर महाविद्यालयात आधी विचारून त्यांचा संग्रह जरूर पाहा. मुलांनाही सोबत न्या.