ओझं वाहणारा शेर्पा एव्हरेस्टच्या माथ्यावर

तेनसिंग नोर्गे यांचा जन्म १९१४ चा. शाळा नशिबी नव्हती, लिहिता-वाचता येत नव्हतं. १९३५ साली ते हमाल म्हणून पहिल्यांदा एव्हरेस्ट मोहिमेवर गेले. १९५२ मध्ये स्विस गिर्यारोहक लँबर्ट यांच्यासोबत शिखर जेमतेम अडीचशे मीटर राहिलं असताना माघारी फिरावं लागलं. पण गडी खचला नाही. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी यांच्यासोबत ते माथ्यावर पोहोचलेच. गळ्यात लँबर्ट यांनी दिलेला लाल रुमाल होता. स्वतः निरक्षर असलेल्या या बापाने लेकीने दिलेली पेन्सिल तिथल्या बर्फात पुरली. पुढे दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत त्यांनी कित्येक पोरांना डोंगर चढायला शिकवलं. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगलाच त्यांचं निधन झालं.