अंगणात उतरलेली शाळा

मैत्रिणींनो, शहापूर असो की मुरबाड, किन्हवली असो की टोकावडे, अंगणवाडी आता आपल्या घरचीच झाली आहे. वजनकाटा, उंची मोजणं, लसीकरणाचा दिवस, खाऊ आणि हातवारे करत म्हणायची गाणी, यात आपल्याला काही नवल वाटत नाही. पण शाळेत जायच्या आधीच्या वयात मुलाचं अंग, त्याचा खेळ आणि त्याची स्वच्छता हेच त्याचं शिक्षण, हा विचार आपल्याकडे खेड्यात रुजवायला एका बाईने अर्धं आयुष्य घालवलं. त्या म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, सुधारक विचारांचे. त्यामुळे मुलगी शिकली, १९१४ मध्ये बी.ए. झाली. अमरावतीच्या वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. शंभर वर्षांपूर्वी हा शब्द उच्चारायलाही लोक घाबरत! पदरात लहान मुलगी. पण बाई रडत बसल्या नाहीत. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या.

चांगली मानाची नोकरी. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. मुलांना धाक न दाखवता, हातांनी काम करू देत शिकवायचं, ही माँटेसरीबाईंची पद्धत तिथे आपल्या मातीत कशी रुजेल, याचे प्रयोग चालले होते. जवळजवळ नऊ वर्षं ताराबाई त्यात रमल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईला परतून त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं. नाव झालं, मान मिळाला.

पण शहरातली सुखवस्तू घरची मुलं शिकली म्हणजे झालं का? खेड्यातल्या, झोपडीतल्या मुलाचं काय? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. या वयात आपण म्हणतो, आता जरा निवांत बसू. ताराबाईंनी तेव्हा नवा डाव मांडला. सोबतीला आल्या अनुताई वाघ.

बोर्डीत पहिला धडा अक्षरांचा नव्हताच. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी साधनं आणणार कुठून? मग शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. झाडणं, पाणी भरणं, धान्य निवडणं यातून हात-डोळे तयार होऊ लागले. तरी वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली, लोकांच्या अंगणात भरू लागली. म्हणून ती अंगणवाडी! आणि आंघोळ, वेणीफणी आईच्या डोळ्यांसमोर होऊ लागली, म्हणजे मुलाबरोबर आईही आपसूक शिकली.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. इथे अडचण आणखी वेगळी. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळणार, मुलगा गुरं चारायला जाणार. शाळेत येणार कोण? ताराबाई आणि अनुताईंनी आई-बापांना दोष दिला नाही. शाळेच्या आवारातच पाळणाघर आणि बालवाडी आणली, म्हणजे भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगीही शिकू शकेल. हीच विकासवाडी. गुराख्यांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि मुलं दगड मोजताहेत, झाडं-पाखरं ओळखताहेत. दिवसभर डोंगर चढणाऱ्या मुलाला भिंतीत कोंबून हाताची घडी घालायला लावायची नाही, त्याच्या धावण्या-चढण्यातूनच शिकवायचं, हे त्यांनी करून दाखवलं.

१९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. १९९२ पर्यंत अनुताईंनी ते काम सांभाळलं. ताराबाईंनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं, अंगणवाडी. २०१४ मध्ये जिल्हा विभागला आणि बोर्डी-कोसबाड पालघरमध्ये गेलं, पण वारसा आपलाही आहेच की!

तो जपायचा कसा? आपल्याकडच्या कातकरी कुटुंबांकडे बघा. दिवाळी सरली की बिऱ्हाड वीटभट्टीवर निघतं, ते पावसाच्या तोंडाशी परततं. तेवढे महिने लेकराचं वजन, लस, खाऊ, खेळ सगळंच अडखळतं. मूल येत नाही, तर आपण जायचं, हा ताराबाईंचा साधा हिशेब. तेव्हा भट्टीवर एखादं लहानगं दिसलं, तर एवढं करा, जवळच्या अंगणवाडीच्या ताईंच्या कानावर घाला. आणि आपलं मूल अंगणवाडीतून मातीने माखून घरी आलं, तर रागावू नका. आज काय लिहिलंस, हे विचारण्याआधी आज काय खेळलास, हे विचारा. ताराबाईंच्या लेखी खरा अभ्यास तोच होता.